भाटीवरचे खुंटे

आमच्या घरात भित्री म्हणून माझा लौकिक आहे. पाल दिसली की खुर्चीवर चढणारी, गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून परत फिरणारी, लिफ्टमध्ये एकटी असले तर जिन्यानं जाणारी. साठी उलटली तरी धाकटा भाऊ मला भित्री भागूबाईच म्हणतो. आईला मात्र मी कधी कशाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. सापाला ती काठीनं बाजूला करायची आणि त्याच काठीनं वाळत घातलेली मासळी हलवायची. हे आधीच सांगून टाकते, कारण आता ज्या भीतीबद्दल लिहायला बसले आहे ती माझ्या रोजच्या भित्रेपणातली नाही. ती खरी आहे, आणि आमच्या घराच्या मागच्या दारापासून सुरू होते.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून खाडीच्या बाजूला वळलं, कारखान्यांच्या भिंती संपल्या की आमचं गाव लागतं. माझं माहेर गावाच्या अगदी टोकाला आहे. जुनं कौलारू घर पाडून भावानं तिथं तीन मजले चढवले, वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या आणि आई तळमजल्यावर राहिली. घरामागे थोडं अंगण, अंगणाला लागून मातीचा जुना बांध आणि बांधापलीकडे खाडी. डोंगरातून येणारा ओढा रस्त्याखालून, कारखान्यांच्या मागून वळणं घेत येतो आणि आमच्या बांधाशेजारीच खाडीला मिळतो. त्याच्या तोंडाशी गाळ साचून जी जमीन तयार झाली होती, तिला आम्ही भाटी म्हणायचो.

मी लहान असताना ही भाटी वाढत होती. डोंगरात दगडखाणी होत्या, दिवसभर सुरुंगांचे आवाज यायचे आणि पावसाळ्यात ओढ्याचं पाणी राखेसारखं करडं व्हायचं. दगडाची भुकटी, खणलेली माती, नव्या रस्त्यांसाठी कापलेल्या टेकड्यांचा मुरूम, सगळं ओढा आणून आमच्या दारात टाकायचा. खाडीचं पाणी तिथं संथ असायचं, त्यामुळे गाळ खाली बसायचा. दर पावसाळ्यानंतर भाटी आणखी पुढे गेलेली असायची आणि तिच्या कडेला तिवरांची नवी रोपं उगवलेली असायची. पुरुषमंडळी शिव्या घालायची, कारण होड्या गाळात रुतायच्या. आई खूश असायची. चिंबोऱ्या, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, शिंपल्यातले खुबे, सगळं तिला भाटीवर चालत जाऊन मिळायचं.

आईच्या खुशीचं आणखी एक कारण होतं, ते मला फार उशिरा कळलं. आमची भातशेती नव्या शहरासाठी सरकारनं घेतली होती, मिठागरंही गेली होती. भाटी मात्र कुणी मोजली नव्हती. सातबाऱ्यावर ती नव्हतीच, मग तिला घेणार कोण. सगळी जमीन गेल्यावर ही एवढीच जमीन आपल्याकडे चालत येतेय असं आईला वाटायचं, आणि ती भाटीबद्दल घरातल्या पोरीबद्दल बोलावं तसं बोलायची.

आमच्या घरात एक रीत होती. नारळी पौर्णिमेच्या सकाळी, पाणी पार ओसरलेलं असताना, वडील एक लांब खुंटा खांद्यावर घेऊन भाटीच्या टोकाला जायचे. या खुंट्याला वर्षभर जाळं बांधायचं. भरतीबरोबर आलेली मासळी ओहोटीला त्यात अडकायची. खुंटा कुठं रोवायचा हे मात्र घरातली बाई ठरवायची. आई पुढे व्हायची आणि चिखलावर टाच आपटून बघायची. टाच रुतली तर एक पाऊल मागे यायचं, नाही रुतली तर आणखी एक पुढे. जिथं जमीन शेवटची घट्ट लागेल तिथं वडील खुंटा ठोकायचे, खालच्या जुन्या टणक मातीपर्यंत. मग आई त्यावर नारळ फोडून पाणी ओतायची. आदल्या वर्षीचा खुंटा उपटायचा नाही, असा कडक नियम होता. घराचा खुंटा उपटला की घर उठतं असं मानायचे. त्यामुळे मागचे सगळे खुंटे जागच्या जागी राहायचे आणि बांधापासून खाडीपर्यंत त्यांची एक रांग झाली होती. माझ्या जन्माच्या वर्षीचा खुंटा बांधाच्या जवळ होता, भावाचा त्याच्या पुढे.

चिखलात जाताना त्या रांगेच्या कडेकडेनं जायचं, हे आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. खुंट्याशेजारी पाय टाक, बिनघोर टाक. रांगेपासून लांब गेलात तर मात्र फळी घ्यायची. फळी म्हणजे चिखलावरून सरकायची साधी लाकडी पाटी. एक गुडघा तिच्यावर टेकायचा, दोन्ही हातांनी तिच्या कडा धरायच्या आणि दुसऱ्या पायानं चिखल मागे ढकलत जायचं. मलाही ती येत होती. एकदा मधोमध पाय अडकून नाकातोंडात चिखल गेला, त्या दिवसापासून मी फळीला हात लावला नाही.

पुढे मी शाळेत भूगोल शिकवायला लागले. नदी समुद्राला मिळते तिथं गाळ टाकते, त्याचा त्रिभुज प्रदेश होतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलं. मुलांना सांगायची, आमच्या मागचा ओढासुद्धा त्याच्यापुरता एक छोटा त्रिभुज प्रदेश करतो. मुलं हसायची, कारण त्यांच्या लेखी तो नाला होता. पण पुस्तकातल्या त्या चित्रात जमीन नेहमी पुढेच जात असते. ती मागेही येते, याची धडकी कुणाच्या मनात भरावी असं त्या धड्यात काही नव्हतं.

मग डोंगरातल्या खाणी बंद झाल्या. ओढ्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती आल्या आणि वर, रस्त्याच्या पलीकडे, गाळ अडवायला एक तळं खणलं गेलं. सगळ्यांना बरं वाटलं. घरात धूळ येईनाशी झाली. भांडी झाकून ठेवायची गरज उरली नाही. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी इतकं स्वच्छ आलं की भावानं मला फोन करून सांगितलं, ताई, तळ दिसतोय गं. वडील तोवर वारले होते. आई बांधावर उभी राहून त्या पाण्याकडे बघत होती आणि एवढंच म्हणाली की आज पाण्याला रंग नाही.

शेणानं सारवलेली जमीन पुन्हा पुन्हा सारवावी लागते, नाहीतर पायाखाली तिची माती सुटायला लागते. भाटीचं तसंच होतं. ओढा वरून सारवत होता आणि खाडी खालून खरवडत होती. सारवण जास्त होतं तोवर भाटी वाढली. ते थांबल्यावर खरवडणं तेवढं राहिलं. हे मी आज दोन वाक्यांत लिहिते आहे. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की टोकाची तिवरं खाडीकडे कलायला लागली आहेत.

पुढच्या पावसाळ्यात ती आडवी झाली. त्यांची मुळं वर आली आणि त्यांच्या मागे भाटीची कड दिसायला लागली, सुरीनं कापल्यासारखी उभी. त्या कडेचे ढेपसे निसटून पाण्यात पडताना मी बांधावरून पाहिले. आवाज फारसा होत नसे. मी आईला म्हटलं, आता तिथं जाऊ नकोस. भावालाही सांगितलं. तो म्हणाला, ताई, तू लिफ्टलाही घाबरतेस. ते खरंच होतं.

आईनं मात्र माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं. मग हात लांब करून तिनं रांग दाखवली. शेवटचे काही खुंटे नाहीसे झाले होते, ते कुणीतरी सरपणाला चोरून नेले असं तिचं म्हणणं होतं. बाकीचे सरळ उभे होते.

"खुटा उभा हाय ना, बाय? मंग जमीन हाय. जमीन नसंल तं खुटा उभा कसा ऱ्हाईल?"

अख्खं आयुष्य तिनं पाहिलं होतं की जिथं माणूस उभा राहू शकतो तिथंच खुंटा रोवला जातो. भाटी वाढत होती तोवर यात चूक निघणं शक्यच नव्हतं.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेला मी आदल्या दिवशीच माहेरी आले होते. भावाला कंपनीत पहिली पाळी होती. खुंटा संध्याकाळच्या ओहोटीला रोवू, असं ठरलं होतं, आईला मात्र रीत सकाळचीच हवी होती. सकाळी उठले तर आईचं अंथरूण गुंडाळलेलं होतं आणि देवाजवळचा नारळ जाग्यावर नव्हता. मागचं दार उघडं होतं. मी अनवाणीच बांधावर चढले.

आई शेवटच्या खुंट्याजवळ होती. मला आधी वाटलं ती खाली बसली आहे. मग लक्षात आलं की ती बसलेली नाही. मांड्यांपर्यंत ती चिखलात होती आणि तिनं दोन्ही हातांनी खुंट्याला मिठी मारली होती. तिच्या पलीकडे पाणी चमकत होतं, आणि ते परत यायला लागलं होतं. पौर्णिमेचं उधाण असलं की पाणी किती झपाट्यानं चढतं, हे मला माहीत होतं.

मी घाबरले. नुसतं घाबरले म्हणणं अपुरं आहे, माझे पाय खरोखर उचलेनात. रोज ज्या गोष्टींना मी घाबरते त्या सगळ्या त्या क्षणी इतक्या क्षुल्लक वाटल्या, की इतकी वर्षं भीती उगाच वाया घालवली याचा मला राग आला. त्या रागानंच बहुतेक माझे पाय सुटले.

वडिलांची फळी मागच्या पडवीत भिंतीला टांगलेली होती. ती काढताना मी ओरडलेही असेन, कारण वरच्या मजल्यावरचा भाडेकरू धावत खाली आला. तो साताऱ्याकडचा, तुर्भ्याला मार्केटात हमाली करणारा, चांगला दणकट माणूस. चिखलाला तो इतका बिचकायचा की बांधाच्या पलीकडे कधी उतरला नव्हता. त्यानं एका नजरेत काय ते ओळखलं, टेम्पोवर माल बांधायचे दोर आणून एकमेकांना गाठी मारल्या आणि एक टोक फळीला बांधलं.

"ताई, मला पवायला येत न्हाई," तो म्हणाला. "पर ह्यो दोर माझ्या हातनं सुटायचा न्हाई."

मी फळीवर गुडघा टेकला. इतक्या वर्षांनी पायाला ते आपोआप आठवलं. पण ज्या भाटीवर मी लहानपणी धावले होते ती ही नव्हतीच. वरून अगदी तशीच दिसत होती, तोच करडा रंग, त्याच निवट्यांच्या उड्या. पण टोकाजवळ पाय ढकलला की तो पिठल्यात घातल्यासारखा आत जायचा. पूर्वी बसलेला घट्ट गाळ खाडीनं कधीच ओढून नेला होता आणि त्या पोकळीत दर भरतीनं सैल लगदा आणून ठेवला होता. खुंटे उभे होते ते फक्त खालच्या जुन्या मातीच्या जोरावर. त्यांच्याभोवतीची जमीन निघून गेलेली त्यांना कळलंच नव्हतं, आणि त्यांच्याकडे बघून आम्हालाही.

आईजवळ पोचले तेव्हा पाणी तिच्या कमरेला लागत होतं. नारळ तिनं ओच्यात घट्ट बांधला होता. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. तिचा चेहरा फक्त गोंधळलेला होता, गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखा. माझ्याकडे न बघता ती त्या खुंट्याकडेच बघत होती.

"खुटा तं हाय गो," ती म्हणाली. "मंग जमीन कुठं गेली?"

मी तिला आडवी हो म्हणाले, फळीवर छाती टेकव म्हणाले, पाय हळूहळू हलव म्हणाले. ती ऐकेना. तिला खुंटा सोडवत नव्हता. पाणी आमच्या दोघींच्या मधून वाहायला लागलं. शेवटी मी तिची बोटं एकेक करून सोडवली. लहानपणी माझ्या मुठीतून ती कात्री काढून घ्यायची, अगदी तशी. चढत्या पाण्यानं चिखल थोडा सैल झाला, तिचा एक पाय सुटला, मग दुसरा. मी हात वर केला आणि बांधावरून तो माणूस दोर ओढायला लागला. फळीवर आई पालथी पडली होती आणि मी मागून फळीला धरून पाण्याचिखलातून ओढली जात होते. मध्येच तिच्या ओच्यातला नारळ सुटला आणि आमच्या शेजारून तरंगत बांधाकडे गेला.

आम्ही बांधावर आल्यावर तो माणूस मटकन खाली बसला. त्याचे तळहात सोलले होते. पाणी पुरतं चढलं तेव्हा शेवटच्या खुंट्याचं फक्त टोक दिसत होतं, आणि थोड्या वेळानं तेही दिसेनासं झालं.

त्या दिवसानंतर आई भाटीवर गेली नाही. तिला कुणी मनाई केली नव्हती. ती रोज बांधावर जाऊन बसायची आणि खाडीकडे बघायची. भाटी उरली होती थोडीशी. प्रत्येक उधाणानंतर एखादा खुंटा कललेला दिसायचा, पुढच्या उधाणात तो नसायचा. त्या वर्षात भावाचा खुंटा गेला. माझ्या जन्माच्या वर्षीचा गेला त्या दिवशी आईनं मला फोन केला आणि जेवलीस का एवढंच विचारलं.

पूर्वी भरतीची लाट भाटीवरच अर्धी मरायची, उरलेली तिवरांत. आता ती थेट बांधावर येऊन आपटते. तळमजल्यावर झोपलं की उशीतून तो आवाज ऐकू येतो. बांध मातीचा आहे, कुणा खापरपणज्यानं गावकऱ्यांबरोबर घातलेला, आणि त्यात चिंबोऱ्यांनी बिळं केली आहेत. भाऊ सरकारी कचेऱ्यांत ठिकठिकाणी जाऊन आला. माणसं येऊन बघून गेली, दगड टाकू म्हणाली. कुणी वाईट नव्हतं. खाणी बंद करायला नको होत्या असंही कुणाला म्हणता येत नाही, मलाही नाही. भाऊ मला अजून टेन्शन घेऊ नको म्हणतो, पण हल्ली भित्री भागूबाई म्हणत नाही. तो मला पूर्वीसारखा चिडवेल तर मला बरं वाटेल.

यंदा नारळी पौर्णिमेला मी पुन्हा आदल्या दिवशी गेले. खुंटा रोवायचा की नाही ते ठरलं नव्हतं. सकाळी आई नवी साडी नेसून तयार होती. भावानं रजा घेतली होती. त्यानं पडवीतला खुंटा आणि पहार बाहेर काढली, मी नारळ घेतला. आई पुढे आणि आम्ही दोघं मागे, असे बांधावर चढलो.

बांधापलीकडे रोवायला जागाच नव्हती. ओहोटी असूनही बांधाच्या पायथ्याशी सैल चिखल होता, आणि त्यात रांगेतला एकही खुंटा नव्हता. आई वळली आणि बांधावरून उतरून परत अंगणात आली. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरातला खुंटा खाडीकडून घराकडे येत होता. भावानं पहार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

स्वयंपाकघराच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर, जिथं आम्ही लहानपणी लगोरी खेळायचो, तिथं आई थांबली. तिनं साडी थोडी वर खोचली, नेहमीसारखी टाच उचलली आणि अंगणातल्या मातीवर आपटली.

टाच आत गेली. फार नाही, पण गेली. आईनं पाय काढून घेतला आणि आम्ही तिघंही त्या खळग्याकडे बघत राहिलो. त्याच्या तळाशी हळूहळू पाणी जमायला लागलं. पावसाचे दिवस आहेत, अंगण ओलंच असणार, असं मी मनातल्या मनात घाईघाईनं म्हणून घेतलं. आई खाली वाकली, त्या पाण्यात तिनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारं हाय," ती म्हणाली.

मग तिनं माझा हात धरला.

"बाय, मना भ्याव वाटतंय."

भाऊ खुंटा घेऊन तसाच उभा होता. तो खाली कुठं ठेवायचा हे त्याला कळत नव्हतं.